मानेचं फ्यूजन झालंय, रात्री झोपायचं तरी कसं?

अर्धीझोप:
मंडळी, माझं मानेचं ऑपरेशन होऊन आज अकरावा दिवस. सी ५-६ आणि सी ६-७, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमधल्या दोन्ही गाद्या पुढून म्हणजे गळ्याच्या बाजूने काढल्या, मणके एकमेकांना जुळावेत (तेच फ्यूजन) म्हणून तिथे केज, म्हणजे आधाराचे छोटे ठोकळे, टाकले आणि वरून प्लेट नि स्क्रू. हाताची कळ जी आठ महिने जीव खात होती ती शुद्धीवर आले तेव्हाच गायब होती, त्यामुळे ऑपरेशनबद्दल तक्रार नाही. तक्रार झोपेची आहे. सर्जनने कडक कॉलर सहा आठवडे, रात्रीसुद्धा, असं सांगितलंय. उताणी झोपले की कॉलर हनुवटीत रुततो, उशी जाड घेतली की डोकं पुढे ढकललं जातं आणि आवंढा गिळताना घशात गोळा अडकल्यासारखं होतं, उशी काढली की मान मागे लटकतेय असं वाटतं. आणि गंमत म्हणजे दुखतं मानेत नाही, पाठीत, दोन्ही खांद्यांच्या फळ्यांच्या मधोमध, कोणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं. दोन वाजले की जाग आलीच. मानेला खोबण असलेली एक उशी आणली, मग दुसरी, मग तिसरी, आता घरात माणसांपेक्षा उशा जास्त झाल्यात. कुशीवर झोपलं तर चालतं का? आरामखुर्चीत झोपू का? ज्यांचं झालंय त्यांनी प्लीज सांगा.

ढिलास्क्रू:
ताई, माझं सी ५-६ झालंय, दोन वर्षं होतील. एकच सांगतो, मानेची उशी शोधणं थांबवा, हातांना उशी द्या. मीही तुमच्यासारखाच मानेमागे लागलो होतो. उताणं झोपल्यावर दोन्ही हात गादीवर नुसते पडलेले असतात, त्यांचं वजन रात्रभर खांद्यांना खाली ओढतं, आणि खांद्याचे स्नायू वर मानेलाच जाऊन चिकटलेत ना. मी दोन्ही बाजूला एकेक उशी ठेवून कोपरापासून मनगटापर्यंत हात तिच्यावर टेकवले, कोपर खांद्यापेक्षा किंचित वर, आणि पाठीतला तो अंगठा त्याच रात्री निम्म्याने सैल झाला. गुडघ्यांखाली एक लोड, म्हणजे कंबर ताणत नाही आणि माणूस झोपेत खाली घसरत नाही. डोक्याखाली फक्त एक पातळ उशी.
आरामखुर्चीचं म्हणाल तर पहिले दहा-बारा दिवस मी तिच्यातच झोपलो आणि मला ती आवडली, अंग साधारण ३० ते ४५ अंश उचललेलं राहिलं की घशाची सूज कमी जाणवते, उठायलाही सोपं जातं. नंतर कंबर बोलायला लागली म्हणून पलंगावर आलो.
आणि एक घंटी ठेवा उशाशी. हसू नका. पुढून ऑपरेशन झालं की बऱ्याच जणांचा आवाज काही दिवस बसतो, मी रात्री अडीचला हाक मारत होतो आणि तोंडातून नुसती हवा. बायको घोरतेय तीन फुटांवर.

खिळखिळे_मणके:
एवढं कशाला, झोपेची गोळी घ्या आणि पडा, सकाळी बघू. मी तेच केलं होतं.

फिजिओबाई:
वरचा सल्ला अजिबात घेऊ नका. ऑपरेशननंतरच्या कडक वेदनाशामक गोळ्यांसोबत झोपेची गोळी मनाने घेतली तर श्वास मंदावू शकतो, त्यात कोणाला घोरताना श्वास अडकण्याचा त्रास असेल तर आणखीच धोका. सर्जनला विचारल्याशिवाय नको.
मी फिजिओ आहे, पण तुमचे एक्सरे मी पाहिलेले नाहीत, तेव्हा तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर त्याचंच ऐका. पाठीतल्या दुखण्याला घाबरू नका, हे इतकं कॉमन आहे की पेशंट दारातून आत येतानाच तिथे हात नेतात. दबलेल्या गादीच्या जागी केज बसवताना दोन मणके थोडे दूर सरकवतात, मग मागचे छोटे सांधे आणि स्नायू ताणले जातात आणि त्याची कळ फळ्यांच्या मधे उमटते. बहुतेकांची काही आठवड्यांत उतरते.
कुशीवर बहुतेक वेळा चालतं, सर्जनला एकदा विचारा, पण उशीची उंची खांद्याच्या टोकापासून कानापर्यंतच्या अंतराएवढी हवी. घरच्यांना समोरून फोटो काढायला सांगा, नाक छातीच्या मधल्या हाडाच्या रेषेत आलं की झालं. कमी-जास्त वाटलं तर टॉवेलची घडी वाढवा नाहीतर काढा, यासाठी चौथी उशी आणू नका. वरचा हात छातीशी धरलेल्या उशीवर, गुडघ्यांमधे एक उशी. पालथं मात्र नाही, कारण श्वास घ्यायला मान एका बाजूला पूर्ण वळवावीच लागते.
उठताना सरळ पोट आवळून उठू नका आणि कोणाला हात धरून ओढायलाही लावू नका. गुडघे दुमडा, खांदे आणि खुबे एकाच वेळी वळवून कुशीवर या, पाय पलंगाखाली सोडा, त्याच क्षणी कोपर आणि तळहाताने अंग वर ढकला. आडवं होताना हेच उलटं.
कॉलर रुततो म्हणून रात्री हळूच सैल करणारे खूप भेटतात. मापात बसवून घ्या, आतली पॅडं धुऊन कोरडी घाला, हनुवटीखाली लालसर डाग राहतोय का रोज बघा. कोणाला सहा आठवडे कॉलर, कोणाला प्लेट आहे म्हणून अजिबात नाही, तेव्हा शेजारच्याचा नियम आपल्याला लावायचा नाही.
आणि गळा अचानक सुजला, श्वासाला त्रास, थुंकीही गिळता येईना, ताप, जखमेतून पाणी, हातापायात नवीन कमजोरी, चाल बिघडणं किंवा लघवी-संडासवरचा ताबा जाणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. श्वासाचं असेल तर थेट इमर्जन्सी.

मागून_टाके:
माझं मागून झालंय त्यामुळे माझी गोष्ट उलटी, घसा ठीक पण उताणं झोपलं की टाक्यांवरच भार. टॉवेलची सुरळी टाक्यांवर न येऊ देता डोक्याखालची उशी नीट बसवावी लागली. मागून स्नायू बाजूला करतात म्हणून दुखणंही जास्त दिवस चाललं. तेव्हा पुढून की मागून हे आधी लिहा रे लोकांनो, सल्ले बदलतात.

आईची_लेक:
आईच्या वेळी रात्रीचं सगळं गणित गोळीच्या वेळेवर होतं. ती दहाला आडवी व्हायची आणि दुखायला लागलं की मग गोळी मागायची, तोवर उशीर झालेला. डॉक्टरांना विचारून रात्रीची गोळी झोपायच्या पाऊण तास आधी आणली, फरक पडला. तिला काही दिवस स्टेरॉइड होतं, ते सकाळी घ्यायला सांगितल्यावर रात्रीची टकटकीत जाग गेली. आणि दुकानातून आयत्या दुखण्याच्या गोळ्या आणू नका, काही सूज कमी करणाऱ्या गोळ्या हाड जुळण्याच्या आड येऊ शकतात म्हणून आमच्या सर्जनने बंद केल्या होत्या. सिगारेटचंही तसंच, घरात कोणी ओढत असेल तर.
पाणी, मोबाईल, घंटी सगळं कमरेच्या उंचीवर, हात लांब न करता मिळेल असं. रात्री पाणी पडल्या पडल्या प्यायचं नाही, आधी उठून बसायचं, आईला एकदा असा ठसका लागला की आम्ही दोघी रडलो.

अर्धीझोप:
सगळ्यांना उत्तर द्यायला पाच दिवस लागले कारण मी झोपले होते! म्हणजे सलग चार तास, मग जाग, मग परत दोन. हातांखालच्या उशांनी काम केलं, पहिल्याच रात्री नाही, तिसऱ्या रात्री. फोटो काढला तर माझं नाक चक्क गादीकडे चाललेलं, दोन घड्या टॉवेल वाढवला. कॉलर परवा दाखवून आले, पट्टा वाकडा लागत होता, एवढंच. स्टेरॉइड नाहीये मला, ते विचारून घेतलं.
घंटीवर नवरा आधी हसला. काल रात्री वाजवली तर उठलाच नाही.

ढिलास्क्रू:
पितळेची आणा. आमच्याकडे तिसरी घंटी चालली.