तोंडी बदनामीसाठी भरपाईचा दावा लावावा की सोडून द्यावे?

ताळेबंद :
आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका सभासदाने माजी खजिनदारांकडे बोट दाखवून "लिफ्टच्या दुरुस्तीचे पैसे यांनी खाल्ले" असे सर्वांसमोर म्हटले. त्या वर्षाचे हिशेब लेखापरीक्षकांनी तपासलेले असून त्यांत एकही आक्षेप नाही. खजिनदार दिवाणी दावा लावण्याच्या विचारात आहेत. बहुतेक सभासद मात्र "रागात बोलून गेला, सोडून द्या" असा सल्ला देत आहेत. मला हा सल्ला मान्य नाही.

तोंडी शब्द हवेत विरतात, म्हणून ते लेखी मजकुरापेक्षा कमी गंभीर, ही समजूत इंग्लंडच्या जुन्या कायद्यातली आहे. तेथे तोंडी बदनामीच्या दाव्यात प्रत्यक्ष आर्थिक हानी सिद्ध करावी लागते, पण कैदेची शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा आरोप केला असेल, तर तेथेही ही अट लागू होत नाही, आणि अफरातफर हा तसाच गुन्हा आहे. आपल्याकडील न्यायालयांनी तर हा भेद बहुतांशी मानलेलाच नाही. तेव्हा "तुमचे काय नुकसान झाले ते दाखवा" हा प्रश्न येथे गैरलागू ठरतो. मात्र हातात वेळ कमी आहे. मुदत कायदा, १९६३ नुसार असा दिवाणी दावा शब्द उच्चारल्यापासून एका वर्षाच्या आत लावावा लागतो. फौजदारी तक्रारीला तीन वर्षे मिळतात आणि अनेक जण या दोन मुदतींची गल्लत करून दिवाणी हक्क घालवून बसतात.

कोर्टपायरी :
कायदा आपण बरोबर सांगितला, पण अर्धाच सांगितला. संस्थेच्या सभेत हिशेबावर बोलणारा सभासद आणि ते ऐकणारे सभासद यांचे हितसंबंध एकच असतात. अशा प्रसंगी केलेल्या विधानाला कायदा मर्यादित संरक्षण देतो आणि ते भेदायचे असेल, तर बोलणाऱ्याच्या मनात आकस होता, हे वादीला सिद्ध करावे लागते. हे संरक्षण योग्यच आहे, असे माझे मत आहे. ज्या सभेत पैशांचा जाब विचारायचा, त्याच सभेत प्रत्येक वाक्य तोलून बोलावे लागले, तर खजिनदाराला प्रश्न विचारायला कोणी उभेच राहणार नाही.

शिवाय वादपत्रात नेमके कोणते शब्द उच्चारले गेले, ते जसेच्या तसे लिहावे लागते, म्हणजे जो आरोप पुसायचा तोच न्यायालयाच्या कागदोपत्री कायमचा नोंदवायचा. मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात न्यायालय शुल्क आधीच भरायचे, आणि मग पुढची तारीख, त्याच्या पुढची तारीख. एक कटू गोष्टही सांगतो. बदनामीच्या भरपाईचा हक्क वारसांकडे जात नाही. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३०६ मध्ये हे स्पष्ट आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये याच मुद्द्यावर, वादी मरण पावल्याने अपील संपुष्टात आल्याचे ठरवले होते. खजिनदारांचे वय काय आहे?

ताळेबंद :
वय सत्तरीच्या पुढे आहे, आणि म्हणूनच घाई करावी असे मी म्हणतो. राहिला प्रश्न संरक्षणाचा. "लिफ्टच्या खर्चाची बिले दाखवा" असे म्हणणाऱ्याला ते अवश्य मिळावे. पण लेखापरीक्षण अहवाल सभेपूर्वी हातात पडलेला असताना, तो न उघडता एखाद्याला चोर म्हणणे, हा खऱ्याखोट्याची पर्वा नसल्याचाच पुरावा आहे आणि आकस त्यातूनच सिद्ध होतो. दिवाणी दाव्यात विधान खरे ठरले तर तेवढ्यानेच बोलणारा सुटतो. त्याने ते खरे करून दाखवावे.

गावकूस :
या चर्चेत एक बाजू राहून जात आहे. खजिनदारांकडे निदान लेखापरीक्षकांचा अहवाल आहे. एखाद्या बाईच्या चारित्र्याविषयी चावडीवर किंवा कार्यालयात कोणी चार शब्द बोलून गेले, तर ती कोणता अहवाल दाखवणार? मुंबई उच्च न्यायालयाने १९२० च्या दशकातच, हिराबाई जहांगीर विरुद्ध दिनशा एदलजी या प्रकरणात, स्त्रीच्या शीलावरील तोंडी आरोपासाठी वेगळी आर्थिक हानी दाखवण्याची गरज नाही, असे ठरवले. "सोडून द्या" हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण त्याची किंमत नेहमी ऐकून घेणाऱ्यानेच मोजायची असते.

मध्यममार्गी :
दावा लावावा, पण रकमेचे भान ठेवावे. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे छायाचित्र एका वृत्तवाहिनीने चुकून दुसऱ्याच्या जागी दाखवले, तेव्हा पुण्याच्या न्यायालयाने २०११ मध्ये १०० कोटींची भरपाई मंजूर केली. त्यानंतर जो तो नोटिशीत कोटींचे आकडे घालू लागला, अशी माझी तक्रार आहे. अरुण जेटली यांनी केजरीवाल यांच्यावर १० कोटींचा दावा लावला. त्यातील उलटतपासणीत वकिलांनी उच्चारलेल्या शब्दांवरून २०१७ मध्ये आणखी १० कोटींचा दुसरा दावा लागला, आणि २०१८ मध्ये सारे माफीवर मिटले. खजिनदारांनी आधी नोटीस पाठवून, पुढच्या सभेत माफी मागावी आणि ती इतिवृत्तात नोंदवावी, एवढीच मागणी करावी. फौजदारी मार्ग मात्र टाळावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली आजही दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फौजदारी बदनामीची तरतूद वैध ठरवली असली, तरी शेजाऱ्याला बोलण्यासाठी तुरुंग दाखवणे मला अतिरेकी वाटते.

कोर्टपायरी :
नोटिशीला माझा विरोध नाही. पण नोटिशीला उत्तर आले नाही तर पुढे काय, हा प्रश्न उरतोच. भ्रमणध्वनीवरचे ध्वनिमुद्रण असेल, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागेल. ध्वनिमुद्रण नसेल, तर सभेला हजर असलेल्यांपैकी कोणी तरी पिंजऱ्यात उभे राहून ते वाक्य शब्दशः सांगायला आणि उलटतपासणी सोसायला हवे. "सोडून द्या" म्हणणाऱ्या त्या बहुतेक सभासदांपैकी किती जण साक्षीला येतील, हे वकिलाकडे जाण्यापूर्वी खजिनदारांनी विचारून घ्यावे. आणि ताळेबंद, सभेला आपणही हजर होता. आपण साक्ष द्याल का?

ताळेबंद :
देईन. माझे नाव साक्षीदारांच्या यादीत पहिले लिहावे, असे मी त्यांना कळवले आहे. ध्वनिमुद्रणाची मात्र अजून चौकशी करावी लागेल.