२० डॉलरच्या आतली बॉटल्ड-इन-बाँड बर्बन: पहिला घोट जाळतोय, सल्ला हवाय

कोलंबसकर:
आजवर आमच्या घरात फक्त स्कॉच. यावेळी दुकानदाराचं ऐकून एव्हन विल्यम्सची पांढऱ्या लेबलची बॉटल्ड-इन-बाँड (सरकारी नियमांनुसार मुरवून भरलेली) बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की, उचलली, २० डॉलरच्या आत मिळाली. काल पहिला घोट घेतला आणि कानातून धूर निघायचाच बाकी राहिला. स्वस्त म्हणून अशी आहे की माझंच काही चुकतंय? शनिवारी चार जण यायचेत, त्यांच्यापुढे ठेवू का?

पिंपातला_बेडूक:
लेबलावर १०० प्रूफ लिहिलंय ना? म्हणजे ५० टक्के. भारतातल्या बाटलीवर बहुतेक वेळा ४२.८ असतं आणि स्कॉचही बरीचशी चाळिशीतलीच. लागणारच. ६० मिली ओता, दहा मिनिटं तशीच राहू द्या. वास घेताना ग्लासात नाक खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवा. पहिला घोट मोजायचाच नाही, तो जिभेला सवय व्हावी म्हणून. दुसऱ्यावर मत बनवा. मग दोन चहाचे चमचे साधं पाणी घाला, ४३ च्या आसपास येते. बर्फ नको, गारठ्याने वास दबतो.

सोडावॉटर:
सरकारी शिक्का आहे म्हणजे माल चांगलाच असणार. डोळे झाकून ठेवा पुढ्यात.

पिंपातला_बेडूक:
सोडाराव, इथेच गल्लत होते. हा शिक्का अमेरिकेच्या १८९७ च्या बॉटल्ड-इन-बाँड कायद्याचा, आणि तो कायदा आला भेसळीमुळे. कच्च्या स्पिरिटला रंग फासून, कधी तंबाखूचं पाणी घालून 'जुनी व्हिस्की' म्हणून विकायचे. केंटकीचे व्हिस्की उत्पादक कर्नल टेलर आणि अमेरिकेचे तेव्हाचे अर्थमंत्री कार्लाइल यांनी हे तडीस नेलं. अटी अशा: एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली (जानेवारी ते जून किंवा जुलै ते डिसेंबर), सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान ४ वर्षं मुरलेली, बरोबर ५० टक्क्यांवर भरलेली. प्रूफ जुळवायला पाणी चालतं, रंग-स्वाद नाही. कुठे गाळली तेही लेबलावर लिहावं लागतं. चवीबद्दल कायदा अवाक्षर काढत नाही. शिक्क्याची एक बाटली मी स्वतः मोरीत ओतलीय, नाव घेत नाही.

शेंगदाणा:
शेजारी ओल्ड ग्रँड-डॅडची बॉटल्ड-इन-बाँड बर्बन ठेवून बघा. तीही १०० प्रूफच, त्यामुळे तुलना सरळ होते. एव्हन विल्यम्समध्ये ७८ टक्के मका आणि राय हे धान्य फक्त १०; ग्रँड-डॅडमध्ये राय २७ च्या घरात. एक गोडाकडे झुकते, दुसरी मिरी-दालचिनीकडे. ग्लासांखाली चिठ्ठ्या चिकटवा आणि बायकोला ओतायला सांगा. लेबल दिसलं की जीभ खोटं बोलते.

कोलंबसकर:
केलं सगळं. ओतायला बायको, वर तिनेच आधी वास घेतला आणि म्हणाली, "चिक्कीचा पाक जरा जास्त झालाय." अगदी तसंच! गूळ, भाजके दाणे, मागे ओल्या लाकडाचा तुरटपणा. पाणी घातल्यावर व्हॅनिला वर आला, पण शेवट लगेच संपतो, घशात रेंगाळत नाही. ती ग्रँड-डॅड सुरुवातीला आवडली, तिसऱ्या घोटाला तिखटपणाच उरला. या किमतीला मी एव्हन विल्यम्स पुन्हा घेईन, नुसती प्यायला नाही, पाण्याबरोबर.

सोडावॉटर:
आणि शनिवारी चकना काय?

शेंगदाणा:
खारे दाणे. लसूण शेव ठेवलीत तर नाक गेलं कामातून.