चोडण आणि दिवाडी एका दिवसात होईल का?

प्रश्न – स्कूटरवाला_ताळगाव
डिसेंबरात पणजीहून स्कूटरवर आईला घेऊन चोडण आणि दिवाडी, दोन्ही बेटं करायचा विचार आहे. रविवार धरलाय. आईला फार चालवत नाही. पक्षी, खाजनं (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली भातशेतं), टेकडी सगळं जमेल?

मांडवीकाठ
वार सोडा, तिथी बघा, कारण सगळं भरती-ओहोटीवर आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते: पौर्णिमा-अमावास्येला 15 चे सव्वाअकरा, अष्टमीला 8 चे सहा. पक्क्या वेळेसाठी मुरगाव बंदराचा तक्ता बघा. चोडणला पाणी त्याहून थोडं उशिरा चढतं.

सलीम अली अभयारण्य चोडणच्या धक्क्याला लागूनच आहे. कांदळवनातल्या चिंचोळ्या पाटांत होडी शिरते ती पाणी भरलेलं असतानाच, सुकतीला (ओहोटीला) ती चिखलात बसते. आईंना चालायचं नाही, म्हणजे होडीच हवी. पौर्णिमेच्या आसपासचा दिवस घ्या आणि दहाच्या सुमारास होडीत बसा. अष्टमीला भर दुपारी सुकती असते, तेव्हा चिखलावर निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारताना दिसतात, तुतवार पक्षी किडे टिपायला उतरतात. पण ते काठावरून बघायचं.

पिएदादची_वाट
वरचं बरोबर, पण एका दिवसात एकच बेट करा. चोडणहून दिवाडीला जायचं तर रायबंदरला परत येऊन दुसरी फेरीबोट धरावी लागते, त्यात दुपार जाते. दिवाडीला पिएदादच्या टेकडीवर चर्चपर्यंत स्कूटर जाते. वरून खाजनं, मांडवी आणि पलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात. संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं की शेतांतलं पाणी चकाकतं, चारनंतरच चढा.

फेरीबोटीवर चढताना आईंना आधी उतरवा. सुकतीला धक्क्याचा उतार जास्त असतो आणि खालच्या भागावर गाळ बसलेला असतो. तिथे पुढचा ब्रेक दाबला की चाक सरकलंच.

स्कूटरवाला_ताळगाव
खाजनाच्या बांधावरून स्कूटर नेली तर चालेल?

मांडवीकाठ
कृपा करून नेऊ नका. बांध मातीचा असतो, खेकड्यांनी आतून पोखरलेला. चाकाखाली कड ढासळली की खारं पाणी शेतात शिरतं आणि भाताचं पीक जातं. मानस (बांधातलं पाण्याचं लाकडी दार) मात्र जवळून बघा: भरतीचं पाणी फळ्या दाबून दार लावतं, सुकतीला शेतातलं पाणी तेच दार उघडून बाहेर पडतं. माणसाला हातही लावावा लागत नाही. पाणी उतरायला लागल्यावर तिथे पाच मिनिटं थांबा, दार हलताना दिसेल.