शब्दचर्चा : ‘सरप्राइज’ म्हणजे आश्चर्य, अपेक्षाभंग की तफावत?

पेडणे : साहचर्यातून होणारे अध्ययन (दोन गोष्टी जोडीने येतात हे शिकणे) आणि मेंदू या विषयावरच्या मराठी टिपणांत ‘सरप्राइज’ला कोणता शब्द घ्यावा? कोशात आश्चर्य, विस्मय, अचंबा, नवल आहेत, कोंकणीत अजाप. विद्यार्थी सर्रास ‘अपेक्षाभंग’ लिहितात. तो चालेल का?

फोंडा : नाही चालणार. अपेक्षाभंग म्हटले की निराशाच आली. ठरल्यापेक्षा जास्त मिळाले तर ‘माझा अपेक्षाभंग झाला’ असे कुणी म्हणत नाही. इथे तर दोन्ही बाजू हव्यात. ‘आश्चर्य’ ही भावना झाली. रेस्कोर्ला आणि वॅग्नर या मानसशास्त्रज्ञांच्या शिकण्याविषयीच्या 1972च्या सूत्रात भावना नाही, वजाबाकी आहे. जे घडले त्यातून, हजर असलेल्या सगळ्या खुणांवरून जे अपेक्षित होते ते वजा करायचे. उरले तेवढ्याच्या प्रमाणात शिकणे.

पोदेराचा, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याचा, भोंगा घ्या. भोंगा वाजला की दारात गरम उंडे (गोल पाव). उंड्यांचे मोल 100 धरा, शिकण्याचा दर 0.3. पहिल्या दिवशी अपेक्षा शून्य, म्हणून भोंग्याच्या पदरात 30. दुसऱ्या दिवशी तफावत 70, भर 21, एकूण 51. तिसऱ्या दिवशी तफावत 49, भर 14.7. वाढ मंदावत जाते ती कंटाळ्याने नव्हे, तफावत आटते म्हणून. अपेक्षा 100वर पोचल्यावर एके दिवशी भोंगा वाजूनही पाव आला नाही, तर तफावत उणे 100 आणि भोंग्याचे 30 गेले. म्हणून माझे मत : धन तफावत, ऋण तफावत.

डिचोली : ‘त्रुटी’ का नको? ‘भाकीत-त्रुटी’ छापलेले दिसते.

फोंडा : त्रुटी म्हणजे उणीव. धन त्रुटी हा शब्दच अडखळतो. जोडशब्द हवाच असेल तर ‘अपेक्षा-तफावत’.

मडगाव : तफावतीला अनुमोदन, आणि कारण प्रयोगातच आहे. मानसशास्त्रज्ञ केमिनने 1960च्या दशकात उंदरांना आधी आवाज आणि विजेचा धक्का यांची जोडी शिकवली. मग आवाजासोबत दिवा लावून तोच धक्का दिला. दिवा दर वेळी धक्क्याच्या आधी लागत होता, तरी उंदीर दिव्याला जवळपास भ्यालेच नाहीत. मात्र दिवा आला त्या टप्प्यावर धक्का 1 मिलिअँपिअरवरून 4वर नेला, तेव्हा दिव्याचेही शिकणे झाले. आधीच्या आवाजामुळे दिव्याचे शिकणे न होण्याला ‘अवरोध’ म्हणावे, ‘अडथळा’ नको. वाटेत काही आडवे आलेले नसते, तफावतच उरलेली नसते. भोंगा पक्का झाल्यावर पोदेराने सायकलला नवी घंटा लावली तर घंटेच्या वाट्याला काही येत नाही, ते याच हिशेबाने.

पेडणे : मग मेंदूत ही वजाबाकी कुठे होते? ‘डोपामिन हे आनंदाचे रसायन’ असे लिहिलेले असते.

मडगाव : ते वाक्य काढून टाका, विषय तिथेच बिघडतो. मध्यमेंदूतल्या डोपामिन चेतापेशी एरवी सेकंदाला 5च्या आसपास संदेश सोडतात. मेंदूशास्त्रज्ञ शुल्ट्झच्या प्रयोगांतल्या माकडांत अनपेक्षित रसाचा थेंब मिळाला की त्या उसळत. इशारा ओळखीचा झाल्यावर उसळी इशाऱ्यावर सरकली. रस आला तरी शांतता. इशारा होऊनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी संदेश थांबले. रस तोच, गोडी तीच, पेशींचे उत्तर वेगळे. म्हणजे त्या आनंद नव्हे, तफावत मोजतात. मुळातला वेगच कमी असल्याने ऋण बाजूला त्यांना खाली जायला जागा थोडी, हेही टिपणात घ्या. 2013मध्ये अवरोधाच्या प्रयोगात बक्षिसाच्या क्षणी या पेशी प्रकाशाने चेतवल्या, तेव्हा जे शिकणे व्हायला नको होते ते उंदरांत झाले. नुसता सहसंबंध नव्हे, कारण हाती आले.

डिचोली : पण सगळीकडे तफावत घालू नका. पिअर्स आणि हॉल या मानसशास्त्रज्ञांच्या 1980च्या मांडणीत धन-ऋण चिन्हाला महत्त्व नाही. खूण बेभरवशाची ठरली की तिच्याकडे अवधान वाढते आणि पुढच्या खेपेला ती लवकर शिकली जाते. अमिग्डाला या मेंदूतल्या भागाच्या मध्य केंद्रकाला इजा केलेल्या उंदरांत ही वाढ दिसत नाही. तिथे ‘अनपेक्षितपणा’ बरा.

फोंडा : मान्य. दोन शब्द ठेवू, पण एकाच परिच्छेदात अदलाबदल नको. टिपणातले ‘आश्चर्य वाटल्यामुळे उंदीर शिकतो’ हे वाक्य असे करा : ‘फळ अपेक्षेहून जितके वेगळे, तितके साहचर्य बदलते.’

पेडणे : केले. शीर्षकातला ‘अपेक्षाभंग’ही काढला.