शिकताना पाहिलेली परदेशातली जुनी शहरं आणि समुद्रकाठची गावं: तुमचे अनुभव लिहा

परदेशी शिकायला गेलं की हातात पैसा बेताचा असतो, पण दिवस भरपूर असतात. चार दिवसांत अख्खा देश उरकायचा नसतो, त्यामुळे आवडलेल्या गावात पुन्हा पुन्हा जाता येतं. त्या दिवसांबद्दल इथे लिहूया. स्थळांच्या याद्या कुठेही मिळतात, त्या नकोत. जे पाहिलंत, हाताने केलंत, खाल्लंत, ते सांगा. सुरुवात मी करते.

मी श्रीवर्धनची. पोर्तुगालमध्ये कोइंब्राला दोन वर्षं होते. विद्यापीठ १२९० सालचं, १५३७ पासून कायमचं कोइंब्रात. तिथल्या अठराव्या शतकातल्या ग्रंथालयात वटवाघळं राहतात. पुस्तकं खाणारे किडे ती रात्री टिपतात, म्हणून कोणी त्यांना हाकलत नाही. फक्त रोज संध्याकाळी जुन्या टेबलांवर कातडं अंथरायचं आणि सकाळी ते झाडून उचलायचं. ही शिस्त मला इतकी आवडली की आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी आधी तेच सांगायचे.

पण जीव रमला तो नाझारे या समुद्रकाठच्या गावात. लोक तिथे प्रचंड लाटा बघायला जातात. किनाऱ्याजवळच समुद्राच्या तळाशी खोल दरी आहे, तिच्यामुळे हिवाळ्यात लाटा तशा उसळतात. मी मात्र वाळूवर मांडलेल्या चौकटींपाशी बसायचे. लाकडी चौकट, वर ताणलेली जाळी, आणि त्यावर पोटाकडून चिरून पुस्तकासारखी उघडलेली मासळी. जास्त करून काराप्पाऊ, दिसायला आपल्या बांगड्याच्या वळणाचा. साफ करायचा, मिठाच्या पाण्यातून काढायचा आणि उन्हात मांडायचा. हे सगळं काम बायकांचं. म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर अजून एकावर एक घागरे दिसतात. सात घागऱ्यांची तिथली रीतच आहे.

एक आजी मला "मेनीना" म्हणायची, म्हणजे पोरी. माझं पोर्तुगीज तेव्हा तोडकंमोडकं होतं. एकदा आभाळ भरून आलं आणि ती धडपडत उठली, तेव्हा मी न विचारता चौकटीचं दुसरं टोक धरलं. पावसाची सर आली की वाळत घातलेलं आधी उचलायचं, हे मला कोणी शिकवावं लागत नाही. त्या दिवसापासून मी तिच्याकडे गिऱ्हाईक राहिले नाही. जाताना कागदात दोन मासे बांधून मिळायचे. वसतिगृहात ते भाजले की मजलाभर वास सुटायचा, आणि मला घरी बसल्यासारखं वाटायचं.

*

ताई, लिस्बनबद्दल मी लिहितो. मी वसईचा, इतिहासाचा विद्यार्थी. सहा महिने तोर्रे दो तोंबु या राष्ट्रीय अभिलेखागारात कागद वाचायला जात होतो. गोवा आणि लिस्बन यांच्यातल्या पत्रव्यवहाराच्या बाडांना तिथे "मान्सूनची पुस्तकं" म्हणतात, कारण पत्रं नेणारी गलबतं मोसमी वाऱ्यांवर चालायची. त्या पानांमध्ये पहिल्यांदा "बासाइँ", म्हणजे वसई, हा शब्द दिसला तेव्हा मी बराच वेळ पान उलटलं नाही. १५३४ च्या तहात आमचं गाव पोर्तुगीजांकडे गेलं आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ते जिंकलं, हे शाळेत पाठ केलं होतं. पण दूरदेशी बसलेल्या कुणा कारकुनाने बोरूने लिहिलेलं आपल्या गावाचं नाव वाचणं, हे वेगळं.

दुपारी वाचन संपलं की कार्मूच्या मठात जायचो. १ नोव्हेंबर १७५५ ला, ऐन सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, भूकंपात त्याचं छप्पर कोसळलं. ते पुन्हा घातलंच नाही. नुसत्या कमानी उभ्या आणि वर आभाळ. वसईच्या किल्ल्यातली चर्चेसही अशीच बिनछपराची आहेत. कार्मूत मात्र कमानींखाली झाडलोट होती, माहितीचे फलक होते, शाळेची मुलं वह्या घेऊन बसलेली होती. आमच्या किल्ल्याच्या भिंती फोडून वर आलेले पिंपळ डोळ्यांसमोर आले, की वाईट वाटायचं. आजही वाटतं.

*

जुन्या शहरातल्या गर्दीच्या ट्रॅममध्ये सॅक पोटाशी धरा. माझं पाकीट गेलं, त्यात राहण्याचा परवानाही होता. नवीन हाती येईपर्यंत दोन महिने देशाबाहेर पाऊल टाकता आलं नाही. पासपोर्ट आणि परवाना कधीच एकत्र ठेवू नका.

*

मी स्कॉटलंडला सेंट अँड्र्यूजमध्ये शिकले. विद्यापीठ १४१३ चं, आणि शेजारी कॅथीड्रलचे अवशेष थेट समुद्रावर. तिथून बस पकडली की क्रेल, अँस्ट्रदर, पिटनवीम अशी कोळ्यांची गावं ओळीने लागतात. पिटनवीममध्ये अजून मासळी उतरते, खेकडे आणि शेवंडही. क्रेलच्या छोट्या बंदरापाशी मान वर केली तर लाल कौलं! समुद्रापलीकडच्या नेदरलँड्सच्या बाजूने व्यापारी जहाजांतून अशी कौलं आली, असं तिथे सांगतात. माझं आजोळ दापोलीजवळ, मंगळुरी कौलांचं. थंडीने बोटं बधिर झाली होती तरी मी ती कौलं बघत उभी राहिले.

*

इटलीत जेनोव्हाला होतो. चिंक्वे तेर्रेच्या पाच गावांत सगळे रंगीत घरांचे फोटो काढतात. वरच्या पायवाटेने चाला आणि द्राक्षमळ्यांचे बांध बघा. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड, कोकणातला गडगाच. मळे ओसाड पडले की बांध ढासळतात आणि डोंगर खाली येतो. २०११ च्या ऑक्टोबरात पुराने व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोत चिखल भरला होता. मी गेलो तेव्हा एक काका एकटेच बांध लावत होते. मी दगड देत गेलो, ते बहुतेक परत करत होते. जो बसेल तोच दगड घ्यायचा.

*

मी उरणची, आगरी. बाबांचं आयुष्य मिठागरात गेलं. पोर्तुगालमध्ये आवेइरूला शिकायला गेले ती मटेरियल सायन्ससाठी, पण पहिल्याच आठवड्यात गावाबाहेर मिठागरं दिसली आणि माझे पाय तिकडे वळले. तसेच चौकोन, तसेच चिखलाचे बांध, कडेला पांढरे ढीग. तिथल्या मिठागऱ्याला मार्नोतु म्हणतात. लांब दांड्याला आडवी फळी लावलेलं अवजार घेऊन एक काका मीठ ओढत होते. तळाचा चिखल वर येणार नाही इतक्या हलक्या हाताने. मी मोबाईलवर बाबांचा जुना फोटो दाखवला. बाबांच्या हातातही तसलंच अवजार. त्यांनी फोटो दोनदा मोठा करून पाहिला आणि आपलं अवजार माझ्या हातात दिलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी येताना किलोभर मीठ आणलं. बाबांनी पुडी सोडली, खडा बोटांत चुरडला, जिभेवर ठेवला. शेवटी उरलेलं पाणी वेळेवर बाहेर सोडलं नाही तर मीठ कडसर होतं, हे मला लहानपणापासून माहीत. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"कडू नाय," बाबा म्हणाले. "पाणी टायमावर सोडलंय त्यानं."