'बेपत्ता झालेले' की 'बेपत्ता केलेले'?

नेपाळमधल्या संघर्षावरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद करतेय आणि एका क्रियापदापाशी दोन दिवस अडकले आहे. १९९६ ते २००६ या काळात माओवादी आणि सरकार यांच्या लढाईत हजारो माणसं मेली. तेराशेच्या वर माणसांचं काय झालं ते त्यांच्या घरच्यांना आजही ठाऊक नाही. त्यांच्या शोधासाठी २०१५ मध्ये नेमलेल्या आयोगाचं नाव 'बेपत्ता पारिएका व्यक्तिको छानबिन आयोग'. 'बेपत्ता' तर आपल्याही रोजच्या वापरातला, म्हणून 'बेपत्ता झालेल्या व्यक्ती' असं लिहून मोकळी झाले. मग 'पारिएका' टोचायला लागलं. त्याचा अर्थ 'केलेले'. मराठीत 'बेपत्ता केलेले' चालेल का?

प्रतिसाद

कानाला खटकतं खरं. 'बेपत्ता' आपण 'होणे' किंवा 'असणे' याच्याशीच जोडतो. 'गायब केलेले' जास्त सहज वाटेल.

प्रतिसाद

'गायब' नको. कपाटातले पैसे गायब होतात, जादूगार रुमाल गायब करतो. 'परागंदा' माणूस स्वतःच्या पायांनी जातो, 'फरार' म्हटलं की त्यालाच आरोपी केलं. 'अपहृत' जवळचा, पण त्यातून खंडणी आणि सुटका डोळ्यांपुढे येते. इथला गुन्हा दुहेरी आहे: आधी माणूस उचलायचा, मग 'आमच्याकडे नाहीच' म्हणायचं. त्या नकारासाठी 'बेपत्ता' हाच शब्द हवा.

आणि 'पारिएका' ज्यावरून आलं ते 'पार्नु' परकं नाही. नेपाळीत 'पानी पर्‍यो' म्हणजे पाऊस पडला. 'पर्नु' म्हणजे पडणे, 'पार्नु' म्हणजे पाडणे. गिरणी बंद पडली आणि गिरणी बंद पाडली यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. 'झालेले' आणि 'पारिएका' यांच्यात तेवढंच अंतर आहे. 'झालेले' लिहिलं की करणारा वाक्यातूनच निसटतो.

प्रतिसाद

आमच्या सोसायटीत रात्रपाळीला असणारे दाजू (नेपाळीत थोरला भाऊ) नेपाळमधल्या बर्दियाचे आहेत. त्या जिल्ह्यातून नेलेल्यांत थारू समाजाची माणसं फार होती. त्यांच्या काकांना घरातून नेलं, ते परत आले नाहीत. मी एकदा 'काका हरवले तेव्हा' असं बोलून गेले. हातातला चहा त्यांनी कठड्यावर ठेवला आणि म्हणाले, "हराएको होइन, लगेको हो." हरवला नाही, नेला. काकू अजून लाल बांगड्या घालतात. त्या काढल्या तर नवरा मेला हे आपणच कबूल केल्यासारखं होईल, असं त्यांना वाटतं.

कृपया 'केलेले'च लिहा.

मूळ प्रश्नकर्ती

हे वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. नोव्हेंबर २००६ च्या शांतता करारात दोन्ही बाजूंनी कबूल केलं होतं की, बेपत्ता केलेल्यांची आणि मारलेल्यांची नावं, आडनावं आणि घरचे पत्ते ६० दिवसांत जाहीर करू. बेपत्ता माणसाचा पत्ता! ते ६० दिवस केव्हाच सरले.

'बेपत्ता करण्यात आलेल्या' असं लिहावं का? जरा कायदेशीर वाटेल.

प्रतिसाद

नका. 'करण्यात आले' हे सरकारी परिपत्रकाचं मराठी, त्यातही करणारा लपतोच. साधं 'बेपत्ता केलेल्या'. चार वेळा छापून आलं की खटकणार नाही. २०१८ पासून लागू असलेल्या नेपाळच्या फौजदारी संहितेत 'बेपत्ता पार्ने' हा गुन्हा आहे, म्हणजे तिथे हे क्रियापद थेट कायद्यात आहे.

मूळ प्रश्नकर्ती

ठरलं. आता दुसरा आयोग: 'सत्य निरूपण तथा मेलमिलाप आयोग'. 'निरूपण' म्हटलं की मला कीर्तनाचा पूर्वरंग आठवतो. आणि 'मेलमिलाप' म्हणजे समेट?

प्रतिसाद

निरूपणाच्या जागी 'सत्यशोधन' घ्या. फुल्यांमुळे त्या शब्दाला आपल्याकडे जी धार आहे, ती इथे उपयोगीच पडेल.

'मेलमिलाप'ला 'तडजोड' मात्र मुळीच नको. तडजोड लोकअदालतीत होते, चेक न वटल्याच्या किंवा मोटार अपघाताच्या दाव्यात. 'समेट' वरचे लोकही परस्पर घडवून आणतात, आणि पीडितांचा नेमका त्यालाच विरोध होता. २०१४ च्या कायद्यात आयोगाला माफीची शिफारस करायची मुभा होती. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१५ मध्ये ती कलमं रद्द केली: गंभीर गुन्ह्यांना माफी नाही, आणि पीडितांच्या संमतीशिवाय मेलमिलाप नाही. म्हणून मी 'दिलजमाई'कडे झुकतो. ती दोघांची मनं जुळल्याशिवाय होत नाही.

प्रतिसाद

दिलजमाई लग्नघरातली वाटते, रुसलेल्या व्याह्यांची. 'सलोखा' बरा.

मूळ प्रश्नकर्ती

आयोगाच्या नावात 'सलोखा' घेते. न्यायालयाच्या निकालाबद्दलच्या परिच्छेदात 'पीडितांच्या संमतीने सलोखा' असं पूर्ण लिहीन, सुटा शब्द ठेवणार नाही. बर्दियाच्या दाजूंना विचाराल का, त्यांचं ते वाक्य नाव न देता लेखाच्या सुरुवातीला टाकलं तर चालेल का? ते नको म्हणाले तर राहू दे.