टँकरच्या यादीत १ जून २८ मेच्या वर कसा?

बी-२०३ काकू: हे टँकरचं ॲप कोणाला समजलं का हो? मी आज सकाळी सव्वानऊला नाव टाकलं, ए-२०२ वाल्या ताईंनी साडेदहाला टाकलं, त्या स्वतःच लिफ्टमध्ये सांगून गेल्या, आणि यादीत त्या माझ्या वर! इथे नवतपा सुरू आहे, कूलरमध्ये थेंबभर पाणी नाही

ए-२०२ ताई: अहो मी काहीच केलं नाही, फक्त बटन दाबलं 🙏

सी-३०१ भाऊ: माझंही पहा ना. आज २८ मेचं बुकिंग आहे अन् माझ्या डोक्यावर १ जूनवाले सात जण बसून राहिले. हे कोणतं कॅलेंडर आहे बाप्पा

सेक्रेटरी काका: शांततेने घ्या. वही होती तेव्हाही भांडणंच होती, पान फाडल्याचा आरोप माझ्यावरच आला होता. ४०२ चा दादा ऑनलाइन आहे, तो सांगेल.

सी-४०२ दादा: सापडलं, चूक माझीच आहे. मी तारीख टेक्स्ट म्हणून सेव्ह केली, तारीख म्हणून नाही. आता सॉर्ट करताना, म्हणजे यादी क्रमाने लावताना, फोन डावीकडून एकेक अक्षर पाहतो. ०१/०६ अन् २८/०५ समोरासमोर आले की पहिलंच ० आणि २, शून्य लहान, निकाल तिथेच लागला, महिन्यापर्यंत गाडी जातच नाही. वेळेचंही तेच, १०:३० मधला १ हा ९:१५ मधल्या ९ च्या आधी, म्हणून ताई वर अन् काकू खाली

बी-१०५ बाई: म्हणजे शब्दकोशासारखं. त्यात 'हत्ती' शेवटी आणि 'उंदीर' आधी, प्राणी केवढा आहे ते कोण पाहतो.

दादा: हो बाई, अगदी तेच!

सी-३०१ भाऊ: मग नवाच्या आधी शून्य लाव ना बा, ०९:१५. कायले एवढं डोकं लावून राहिला

दादा: त्याने सकाळपुरतं सुटेल भाऊ. पण सोबत एएम-पीएम असलं की दुपारचं ०१:३० परत सकाळच्या ०९:१५ च्या वर जाऊन बसते. तिथे १३:३० च पाहिजे. अन् तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहिली तर टेक्स्टही बरोबर लागते

सेक्रेटरी काका: अच्छा! म्हणून आधीचे सेक्रेटरी मीटिंगच्या फाइलींना वर्षापासून नाव द्यायचे. मला वाटायचं उगाच स्टाइल मारतात. मी सगळी उलटी करून ठेवली 😐

ए-३०४ आजोबा: माझे काय. मी पहाटे सहाला उठून नाव टाकतो. रोज शेवटचा नंबर. एक दिवस नाही, रोज.

दादा: आजोबा तुमचा फोन मराठीत आहे का

आजोबा: मराठीतच आहे आणि मराठीतच राहील.

दादा: राहू द्या राहू द्या. होते काय की फोन मराठीत असला तर तारीख मराठी अंकांत लिहिली जाते, बाकीच्यांची इंग्रजी अंकांत. फोनच्या हिशोबात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो, इंग्रजी शून्याचा ४८ आणि मराठी शून्याचा २४०६. म्हणून तुम्ही पहाटे सहाला टाका की रात्री तीनला, अख्ख्या सोसायटीच्या खालीच

आजोबा: म्हणजे मराठी अंक वापरल्याची शिक्षा. वा.

बी-२०३ काकू: 😂😂 आजोबा तुम्ही माझ्या पुढे जा, मी काही म्हणणार नाही

सी-३०१ भाऊ: अन् डी-४०१ चं काय ते पण सांग. त्यांचा नंबर नेहमी पहिल्या तिनात काहून?

डी-४०१ मावशी: आमच्यासाठी लेक बुकिंग करते दुबईहून. तिने आज आठला केलं, मी फोनवर होते तेव्हा.

दादा: आपले आठ म्हणजे तिथले साडेसहा. ॲप तिच्या फोनचं घड्याळ लिहून घेते म्हणून दीड तास फुकटात मिळून राहिला तुम्हाला मावशी 🙈 बदलतो. आता वेळ फोनची नाही, सर्व्हरची, म्हणजे ॲप ज्या मुख्य कॉम्प्युटरवरून चालते त्याची धरणार, नाहीतर उद्या कोणी घड्याळ मागे करून बसेल. आणि ती एका मोठ्या आकड्यात ठेवणार, १ जानेवारी १९७० पासून किती मिलिसेकंद झाले तो आकडा, जगात कुठूनही बुकिंग करा तोच निघतो. सॉर्ट त्या आकड्यावर. दिवस, महिना, एएम-पीएम हे फक्त स्क्रीनवर दाखवायला, आजोबांना मराठीत दिसेल

सेक्रेटरी काका: तक्रारींच्या यादीत मात्र नवीन वर ठेव. टँकरला जुनं वर. तिथे उलटं झालं तर मला गाव सोडावं लागेल.

बी-१०५ बाई: आणि दोघांनी एकाच मिनिटाला टाकलं तर?

दादा: मिलिसेकंद आहेत बाई, एवढं जुळणं कठीणच. जुळलंच तर फ्लॅट नंबरप्रमाणे

सी-३०१ भाऊ: म्हणजे ए विंग आधी. वा रे वा

दादा: भाऊ अपडेट टाकलं, ॲप बंद करून परत उघडा. आजच्या जुन्या नोंदीही बदलल्यात, दुबईची पण

आजोबा: मी पहिला.

बी-२०३ काकू: मी चौथी, ताई सहाव्या. ठीक आहे

डी-४०१ मावशी: मी तिसरी. कमी झाले नाही फार 😊

ए-२०२ ताई: वॉचमनभाऊचा फोन आला, टँकर गेटवर उभा आहे पण पाइप ए विंगपर्यंतच पोचून राहिला, कोणाकडे जोड आहे का लवकर सांगा